चेहरा नसलेलं काम

कॉटनवूड, नेब्रास्का
८ मार्च १९३६

चि. ऑर्व्हिल यास हुल्डाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, माझी अब्रू तेवढी खुशाल नाही, आणि ती तुझ्यामुळे. झपाटलेल्या किल्ल्याच्या सिनेमात तुझं मोठं काम आहे असं तू लिहिलंस, म्हणून मी चर्चमधल्या अकरा बायका जमवल्या. आपल्या चर्चमध्ये सिनेमा म्हणजे पाप, हे तुला सांगायला नको. पाद्रीणबाई डोळे मिटून बसण्याच्या अटीवर आल्या आणि सबंध वेळ डोळे फाडून पाहत राहिल्या.

सिनेमा संपला तरी तू कुणाला सापडला नाहीस. पाद्रीणबाई म्हणाल्या, तो दाढीवाला डॉक्टर म्हणजेच ऑर्व्हिल. इंगाकाकू म्हणाली, छे, दिवाणखान्यात मरून पडलेला तो. आईने तर बटलरलाच तू ठरवलं आणि तो दिसला की टाळ्या पिटत राहिली. तो बटलर साठीचा होता रे!

आईचे डोळे किती उतरलेत याची तुला कल्पना नाही. डॉक्टर म्हणाले, नाताळपर्यंत नजर जाईल, इलाज नाही. त्याआधी तुझा चेहरा एकदा पाहायचा, एवढाच ध्यास तिने घेतलाय. तेव्हा तू नक्की कोण होतास ते उलट टपाली कळव.

माझा लोभ आहे तेवढा पुरे, तुझी अक्कल तेवढी वाढू दे.

तुझी,
हुल्डाताई


हॉलिवूड
२० मार्च १९३६

ती. हुल्डाताईस ऑर्व्हिलचा शि. सा. न. वि. वि.

ताई, बसून वाच. मी गोरिला होतो.

हसू नकोस. पोशाख माझा स्वतःचा आहे, दोन हिवाळे खपून एकेक केस सुईने ओवलाय. इथली रीतच अशी, की ज्याचा पोशाख त्याला काम. आज भुताटकीत नायिकेला पळवायचं, उद्या विनोदी सिनेमात केळीच्या गाडीमागे धावायचं, परवा गाण्यांच्या सिनेमात तीस पोरींच्या मधोमध नाचायचं. नाव पडद्यावर येत नाही, कारण गोरिला खरा आहे असं लोकांना सांगतात. आत इतकं उकडतं की दर दहा मिनिटांनी डोकं काढून वाऱ्याला बसावं लागतं.

सहा वर्षं घरी आलो नाही तो याच लाजेने. म्हटलं, चेहऱ्याचं एक काम मिळू दे, मग ताठ मानेने येईन. आता एका दिग्दर्शकाने कबूल केलंय, शेवटच्या दृश्यात डोकं काढून हसायचं, चांगलं अर्धं मिनिट. सप्टेंबरात सिनेमा तिकडे येईल. तोवर आईला काही बोलू नकोस.

खूप रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ऑर्व्हिल


कॉटनवूड
२ एप्रिल १९३६

चि. ऑर्व्हिल यास,

आशीर्वाद या वेळी राहू देत. अरे गाढवा, सप्टेंबर? आईला तुझा चेहरा पाहायचाय, तो पडद्यावरच हवा असं तुला कुणी सांगितलं? तो तुझ्या मानेवर आहे ना अजून? मग तो घेऊन आगगाडीत बस!

मी आईला सगळं सांगून टाकलं. मग तिने विचारलं, एवढ्या केसांत पोराला घाम येत असेल, अंघोळीची सोय आहे का.

हुल्डा


हॉलिवूड
११ एप्रिल १९३६

ती. हुल्डाताईस सा. न.

मंगळवारच्या गाडीने निघतो. हातातला सिनेमा सोडला. पोशाख क्लाइड नावाच्या मित्राला दिला, डोकं काढून हसायचं दृश्यही आता त्याचंच. पोशाख गेला म्हणजे इथलं माझं काम संपलं. तिकडेच, घराजवळ ओमाहाला काहीतरी शोधीन. आईला सांग, अंघोळ करूनच येईन.

तुझा,
ऑर्व्हिल


कॉटनवूड
२ ऑक्टोबर १९३६
(हुल्डाच्या हातून)

चि. ऑर्व्हिल यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तू ओमाहाला जोड्यांच्या दुकानात लागलास, दर रविवारी येतोस, बरं वाटतं. एप्रिलात तुझा चेहरा पोटभर पाहिला. कपाळ बापाचं, कान माझे. तो आता माझ्यापाशी पक्का आहे. पण गेल्या रविवारी तू समोर बसला होतास ना, तेव्हा मला नुसता धुरकट डाग दिसला. तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून लिहवून घेतेय.

काल हुल्डाने मला तुझ्या अर्ध्यावर टाकलेल्या सिनेमाला नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. माणसं काही मला दिसली नाहीत, पण गोरिला दिसला रे! भिंतीएवढा काळा, हात, पाय, सगळं. पण त्या मेल्या क्लाइडने मुलीला पोत्यासारखी आपटली. मार्चमधल्या सिनेमात तू तिला अलगद ठेवली होतीस, मानेखाली हात धरून. तेव्हाच मला वाटलं होतं, या जनावराला कुणीतरी नीट वाढवलंय. आणि टाळ्या दिल्या त्या बटलरला! शेवटी क्लाइड डोकं काढून हसला म्हणे. मला तिथे काहीच दिसलं नाही.

तेव्हा जोडे विकणं पुरे कर. त्याच्याकडून कातडं मागून घे आणि कामाला लाग. मोठं, काळं असं काही मला अजून थोडे महिने दिसेल, म्हणून जरा घाई कर. आणि ते डोकं काढायचं खूळ सोड. काढलंस तर मला दिसणार नाहीस.

तुझी,
आई