हाताच्या अंदाजाने

प्रिय ठमाबाई,

हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवणार आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोन केला असता तर मी ‘जेवलीस का’ विचारलं असतं, तू ‘हो’ म्हणाली असतीस आणि मग दोघांनी एकमेकांचं गप्प बसणं ऐकलं असतं. तीन वर्षं आपलं असंच चाललंय. आधी बातमी सांगतो. तुझ्या आईला रविवारी दवाखान्यातून घरी सोडणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन छान झालं, पण उकाड्यात धाप लागेल, महिनाभर तरी खोली थंड हवी. आज बुधवार, आणि आईच्या खोलीतला एसी लावून तयार आहे पण चालत नाही.

गावभर एसी बसवत फिरलो आणि स्वतःच्या घरात मात्र पंखा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली होती, की तुमच्याकडून काम करून घ्यायचं तर गिऱ्हाईक व्हायला हवं. म्हणून या वेळी नवाकोरा आणला. आतलं युनिट तिच्या पलंगाच्या पायाकडच्या भिंतीवर लावलं, वारा थेट तोंडावर येऊ नये म्हणून. बाहेरचं गच्चीवर, टाकीच्या सावलीत. त्यामुळे तांब्याचे पाइप लांब झाले आणि वरून थोडा गॅस भरावा लागणार हे आधीच ठरलं.

सोमवारी वायरी ओढल्या. आतल्या एक-दोन-तीन नंबरांना बाहेरचे एक-दोन-तीन, शिवाय अर्थिंग, मेन बोर्डावर एमसीबीचा वेगळा खटका. हे मी झोपेतही करेन, अशी माझी बढाई तुला पाठच आहे. चालू केला. आतला पंखा फिरला, बाहेरचं मुकं, आणि दिवा मिचमिच करायला लागला. तासभर मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग गच्चीवरच्या युनिटची वायरींची पट्टी उघडून तीन नंबरची वायर सहज ओढली तर ती हातात आली. स्क्रू मीच आवळला होता. निम्म्या तारा बाहेर राहिल्या होत्या आणि बोटांना ते कळलंच नव्हतं. मनाशी म्हटलं, वय झालं, चालायचंच.

काल अर्धा तास पंप लावून पाइपांतली हवा काढली, वॉल्व्ह उघडले, साबणाचा फेस लावून गळती बघितली. बाहेरचं युनिट असं मऊ आवाजात सुरू झालं की मला आईला फोन करून ऐकवावंसं वाटलं. केलाही. ती म्हणाली, मला काही ऐकू येत नाही, पण तुम्ही खूश दिसताय. मग उरला गॅस. हा नवा गॅस वजन करूनच भरावा लागतो, दर मीटर पाइपामागे इतके ग्रॅम हे युनिटवर छापलेलंच होतं, मी वाचलंही होतं. पण पडलो तरी नाक वर. मी नेहमीसारखा जाड पाइप मुठीत धरला. गारवा मनगटाशी पोचला की थांबायचं, एवढंच माझ्या उस्तादांनी शिकवलेलं, आणि त्यावर मी आयुष्य काढलं.

गारवा आलाच नाही. थोडा गॅस दिला, वाट बघितली. अजून थोडा. अजून. शेवटी कॉम्प्रेसर कण्हला आणि बंद पडला. काय झालं म्हणून मी आत हात घालून चाचपलं, झाकण लावलं, खाली येऊन हात धुतले, तेव्हा दिसलं की दोन बोटांची कातडी सोलवटलीये. तापलेला पाइप धरला होता, ठमे, आणि मला पत्ता नव्हता.

तसा पत्ता होता. लपवायचं तरी किती? डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, मधुमेहाने बोटांतल्या नसा गेल्यात. शर्टाची बटणं वर्षभर आई लावते. ती दवाखान्यात गेल्यापासून मी टी-शर्ट घालतो. तू फोटो बघून तिला म्हणालीस म्हणे, की बाबा टी-शर्टात तरुण दिसतात. तुला सांगू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. तिने शब्द पाळला, पण मी बजावलं तेव्हा तोंड फिरवून रडली.

तुझ्यापासून का लपवलं, ते तुला वेगळं सांगायला नको. तू आपल्या दुकानात गॅसच्या सिलिंडरखाली वजनकाटा ठेवलास त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं होती, समोरचा टायरवाला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, किराणा तोलायला बसलीस का, हे काम हातात असावं लागतं आणि ते तुझ्या हातात नाही. तू काटा पुसून पिशवीत ठेवलास आणि संध्याकाळच्या बसने शहरात निघून गेलीस. आज तिथे एसीच्या कामासाठी लोक तुझं नाव घेऊन फोन करतात, हे मला टायरवाल्याकडून कळतं. तो सांगतो तेव्हा मी पेपर वाचत असल्यासारखं करतो.

मी चुकलो होतो, पोरी. हात गेले म्हणून आज हे सुचलं असं समजू नकोस. तुझा हात चांगला आहे हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तेच मला सोसलं नव्हतं.

गावात चार मेकॅनिक आहेत. शनिवारी दुपारपर्यंत तुझी वाट बघून त्यांतल्या एकाला बोलावेन, आईला उकाड्यात ठेवणार नाही, तेव्हा तिच्या काळजीने येऊ नकोस. यायचं तर माझ्यासाठी ये. भरलेला गॅस काढ, मी आवळलेला एकूणएक स्क्रू तपास, मग तुझ्या पद्धतीने भर आणि सुरू कर. मी मध्ये बोलणार नाही. टायरवाल्यालाही गच्चीवर बोलावतो, म्हणजे मी काय म्हणतो ते त्याच्याही कानांवर पडेल. तू शिडी चढ, खाली मी धरून उभा राहीन.

तुझ्या हाताखाली काम करायला तयार असलेला,
तुझाच,
बाबा