नववीतली हिरवी नळी

बाई, तुमची लाडकी इथे अमेरिकेत भेटली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी सत्तरीला टेकले, तरी तिचा फोटो पाहिल्याबरोबर माझं पित्त खवळलं. सुनेबरोबर वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत गेले होते. दारापाशी एक कागद लावलेला. फळांच्या गडद रंगाने म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती टिकते का, याचा अभ्यास करायचाय, पासष्टीच्या पुढची माणसं हवीत. खाली तिचा फोटो. केस पांढरे, पण हनुवटी तीच, पहिल्या बाकावरची. या वयातही साहेबीण! आणि मी? मुलाच्या घरी पोळ्या लाटते आणि गॅस बंद केला का, ते तीन-तीनदा बघून येते. हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. भीती वाटते म्हणून नाव दिलं, असं सुनेला सांगितलं. ते खरंच होतं. पण तिच्या कारभारात कुठेतरी खोट सापडावी, हेही मनात होतंच.

नववीतला तो तास आठवतो तुम्हाला? शाळेमागच्या झाडाची जांभळं तुम्ही स्वतः पातेल्यात कुस्करताय, हात मनगटापर्यंत रंगलेत. प्रत्येकीपुढे रसाची एकेक काचेची नळी. "लिंबू पिळा, आणि काय दिसतं ते लिहा." मी लिंबू पिळायच्या आधीच 'लाल' लिहून मोकळी, कारण दुसऱ्या तुकडीतल्या मुलींकडून उत्तर कळलं होतं. सगळ्यांचा रस लाल झाला, तिचा मात्र हिरवा. वर्ग खो-खो हसला. ती रडवेली झाली, पण वहीत तिने लिहिलं, 'हिरवा'. तुम्ही ती वही उंच धरून सगळ्यांना दाखवलीत आणि तुमच्या टेबलावरचं भिंग तिला देऊन टाकलंत. माझी वही पाहून म्हणालात, "तू बघायच्या आधीच लिहितेस. मग डोळ्यांचा उपयोग काय?" बाई, ते भिंग मला हवं होतं. वर्षभर तुमचं टेबल मी पुसत होते, ते भिंग फ्रॉकच्या टोकाने चकचकीत करून ठेवत होते. आणि दिलंत कुणाला!

तर इथे काय, रोज एक पाकीट पाण्यात कालवून प्यायचं. काहींच्या पाकिटात खरी फळांची पूड, काहींच्या पाकिटात नुसता बाजारी रंग आणि गोडी. कुणाला काय दिलंय, हे तिलासुद्धा शेवटपर्यंत कळत नाही. दोन्ही सारखीच जांभळी, दोन्हींनी जीभ सारखीच रंगते. अधूनमधून तिच्याकडची एक पोरगी शब्दांची यादी वाचते आणि मी आठवतील तेवढे शब्द परत सांगते. पुडीचा उपयोग होतो की नाही, हे अजून त्यांनाही ठाऊक नाही, तेच तर शोधतायत. पण माझी आपली खात्री, की माझ्या नशिबी फुसकंच पाकीट आलं असणार. शेवटी एका दुपारी राहवेना. पाकीट कपात कालवलं आणि चमचाभर खायचा सोडा टाकला. आंबटाने लाल, सोड्याने निळा-हिरवा, हे पुढच्या तासाला तुम्हीच तर शिकवलेलंत. नात शेजारी उभी. म्हणते, "आजी, दॅट्स चीटिंग!" म्हटलं, "गप गं, सायन्स आहे." रंग ढिम्म बदलला नाही. म्हणजे इथेही माझ्या तोंडाला पानंच पुसली. नातीला टीव्ही लावून दिला आणि त्या कपासमोर बसून मी चक्क रडले.

शेवटच्या दिवशी एक फॉर्म हातात आला. तुम्हाला कोणतं पाकीट मिळालं असं वाटतं? कशावरून? 'माहीत नाही'वर खूण करून सुटता आलं असतं. पेन दोनदा टेकवलंही. पण डोळ्यांचा उपयोग काय, हे तुमचं वाक्य काही पिच्छा सोडेना. चरफडत लिहिलं, की सोडा घालून पाहिलं, रंग बदलला नाही, आमच्या बाईंनी जांभळाच्या रसावर शिकवलं होतं. पोरगी फॉर्म घेऊन आत गेली आणि थोड्या वेळाने तुमची लाडकी स्वतःच बाहेर आली.

"जांभळाचा रस? कुठल्या शाळेत?" मी सांगितलं. ती बघतच राहिली. "अगं, तू! दुसऱ्या बाकावरची!" आणि घट्ट मिठीच मारली. मग म्हणते, "पाकीट ओळखलंस, म्हणजे तुझा डेटा आता ड्रॉप करावा लागणार, कळतंय ना?"

"कळतंय."

"पण लिहिलंस ते बरं केलंस. बाई खूश झाल्या असत्या."

बघा! तुमच्या वतीने शाबासकी द्यायची, तीही तिनेच.

मला आत घेऊन गेली. टेबलावर ते भिंग होतं, बाई. कड जराशी गंजलेली. पलीकडे एक मुलगा नळ्या धुत होता. ती हसून म्हणाली, "सगळ्यांना तीन-तीनदा धुवायला लावते, वैतागतात माझ्यावर. नववीत माझी नळी नीट धुतलेली नव्हती ना, कसला हसला होता वर्ग! अजून आठवलं की कान गरम होतात. तेव्हापासून तीनदा." पन्नासहून जास्त वर्षं, बाई. मी भिंग उचललं, ओढणीने पुसलं, जागेवर ठेवलं. तिने दिलेला चहा प्यायले आणि सुनेच्या गाडीत येऊन बसले.

हे लिहून तिच्याच हातात द्यावं, असं घरी येईपर्यंत वाटत होतं. देणार नाही. ती हसेल, मला माफ करून टाकेल, आणि मग तिचा मोठेपणाही मला सोसावा लागेल. तेवढं माझ्याच्याने होणार नाही. तुमच्यापुरतं सांगते. काय होईल ते मला माहीत नव्हतं, तिचं बिघडावं एवढंच हवं होतं. नळी स्वच्छ होती, बाई. बाबांच्या पानाच्या डब्यातला चुना मी टाकला होता.