ऋताच्या दोन्ही घरांविषयी

मी, सयाजी जोतीराम माळवदे, वय सत्तेचाळीस, धंदा चांदीकाम, राहणार हुपरी, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. मी रागात आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, एवढे डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे.

१. माझी एकुलती मुलगी ऋता, वय दहा. घटस्फोटानंतर तिचा ताबा तिची आई स्वप्नाली हिच्याकडे, कोल्हापुरात आहे. मला ती शनिवारी तासभर कोर्टातल्या एका खोलीत भेटते. तिथला शिपाई सांगतो, "पावणं, वेळ झाली की." माणूस सरळ आहे, त्याच्यावर राग नाही. पण स्वतःच्या पोरीला मी पाहुणा कधी झालो, हे मला अजून कोणी समजावलेले नाही. उद्या कन्यादानाला हाच बाप हुडकत येतील. शाळेच्या पालकसभेला तो का चालत नाही?

२. हुपरीतील माझे राहते, स्वकष्टार्जित घर मी ऋताला देतो. या घराच्या पुढच्या सोप्यातच माझे पैंजणांचे काम चाले. गावात घरोघरी तसेच चालते. एक घर तार ओढते, दुसरे कड्या जोडते, तिसरे घुंगरू लावते, आणि पोरे त्यातच मोठी होतात. स्वप्नालीच्या वकिलांनी कोर्टात सांगितले, घरात कड्या जोडायची गॅसची बत्ती आणि अॅसिड आहे, मूल सुरक्षित नाही. मी ऐकले, सगळे काम उचलून गावाबाहेरच्या शेडमध्ये नेले. पुढच्या तारखेला तेच वकील उभे राहून म्हणाले, बाप दिवसभर घरी नसतो, मूल सांभाळणार कोण? धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत केली.

३. सदर शेड 'दोन्ही पालक मंचा'ला द्यावी. मुलाला आई आणि बाप दोघांचाही सहवास मिळावा, असा कायदा व्हावा म्हणून आम्ही हा मंच काढला. आम्ही म्हणजे मी आणि मोनाताई; त्यांचा मुलगा यशराज याला त्याच्या बापाच्या माणसांनी गडमुडशिंगीला ठेवून घेतले आहे. ज्यांना आम्ही बायकांच्या विरोधातली टोळी वाटतो, त्यांनी मोनाताईंसमोर दोन मिनिटे बसावे. निवेदने आम्ही पुष्कळ दिली. पुढारी फोटोपुरते हातात धरतात आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडे सरकवतात. अट एकच: पोटगी बुडवण्यासाठी मंचात शिरणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. असले दोघे मी स्वतः हाकलले आहेत.

४. माझे थोरले बंधू उदयसिंह यांना मी काहीही देत नाही. ऋता आईकडे गेली त्या आठवड्यात ते म्हणाले होते, "पोरगीच हाय, जाऊ दे की. दुसरं लगीन कर, पोरगा हुईल." ते तोंड मला माझ्या मयतालाही दिसू नये.

५. बँकेतील ठेव ऋताच्या शिक्षणासाठी आहे. ती सज्ञान होईपर्यंत पैसे स्वप्नाली आणि माझी थोरली बहीण विठाबाई, या दोघींच्या सहीनेच काढावेत. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. ऋतासाठी बोलावे लागेल.

६. स्वप्नालीलाही या घरात येऊ द्यावे, हे कलम ऐकून अक्का, म्हणजे विठाबाई, खवळली. "तिनं तुला पोर बघू दिली न्हाय, आन् तू तिला घरात घेतोस व्हय?"

मी म्हटले, "मी ऋताच्या आईला घेतोय, अक्का."

तरी स्पष्ट लिहितो. ऋता या घरी येईल तेव्हा तिच्या आईला कोणी दारात थांबवू नये. स्वप्नालीने यावे, राहावे, स्वयंपाकघरात हवे ते करावे. तिला वेळ ठरवून देऊ नये, कोणी समोर बसून पहारा करू नये. माझे तिच्याशी पटले नाही आणि ऑपरेशन नीट झाले तरी पटणार नाही. पण पोरीचा एक पालक कमी करण्याचा अधिकार मी कोर्टाचा मानत नाही, आणि मी मेल्यावर तो माझ्या घरालाही देत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोनाताईंनी करावी. वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सही: सयाजी जोतीराम माळवदे

साक्षीदार:
१. डॉ. सौमित्र दिघे, कोल्हापूर
२. गुंडू बाबू शेंडुरे, शेजारी, हुपरी