नोट चालणार नाही

२ ऑक्टोबर
पाटी लागली. 'रोख पैसे घेतले जाणार नाहीत.' सिक्स्टेनने छापली, त्यानेच काउंटरवर चिकटवली. म्हणे, "गावातली बँक गेली. नोटा भरायला शहरापर्यंत गाडी हाकायची कुणी?" नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही. कायदाही आड येत नाही – पाटी लावली की झालं. तरी बेकरी माझी आणि पाटी त्याची, हे जरा खुपलंच.

म्हातारा एस्बियर्न पाटी वाचून म्हणाला, "नाण्यावर राजाचं तोंड आहे, हिलेवी! राजालाच दाराबाहेर काढलंस?" आणि हसत हसत कार्ड काढलं. असतं हो सगळ्यांकडे.

५ ऑक्टोबर
सगळ्यांकडे नसतं बहुतेक. तेक्ला आली होती – लाकूड-गिरणीवाल्या ओर्यानची बायको. कॉफी, वेलचीचा बन, नेहमीचंच. तिने नोट पुढे केली. मी पाटीकडे बोट दाखवलं. "फक्त आज घे ना." मी म्हटलं, "अगं, कार्ड आहे की तुझ्याकडे!" पाकिटात दिसत होतं. तिने पाकीट मिटलं. कॉफी तशीच ठेवून गेली.

इतका काय हट्ट!

६ ऑक्टोबर
तिची कॉफी मी कालच ओतून टाकली. बन खाववला नाही.

१२ ऑक्टोबर
बर्फ सुरू. दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. तेक्ला आली, बसली नाही. मी आपणहून म्हटलं, "दे नोट, बघू काय करायचं ते."

तर रडायलाच लागली. मग हळूच – "कार्ड घासलं की त्याच्या फोनवर दिसतं. कुठे गेले, किती वाजता, कितीचं खाल्लं. घरी गेले की विचारतो, बन कशाला खाल्लास? दोन कप कुणासाठी?" डोळे पुसत म्हणाली, "हात नाही उगारत हं तो." जणू मी त्याच्यावर आरोपच केला होता.

ओर्यान! चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभा राहतो. सिक्स्टेनबरोबर शिकारीला जातो. गेल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर जेवून गेला, किती हसवलं आम्हाला!

लपवण्यासारखं काही नसेल तर कार्डाला भ्यायचं कशाला, असं मीच आजवर म्हणत आले. तिच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? एक बन.

१३ ऑक्टोबर
पाटी काढली. सिक्स्टेन भडकला. "नोटांचं काय लोणचं घालणार आहेस?" मी म्हटलं, "घालीन." खरं कारण सांगितलं नाही. तेक्लाला शब्द दिलाय.

१९ ऑक्टोबर
तेक्ला निघायचं म्हणतेय. बहीण उमेओला असते, तिच्याकडे. घरखर्चातून वाचवून नोटा साठवल्यात – आणि बसवाले रोख घेत नाहीत! केवढी थट्टा! पैसे मुठीत, आणि गाव सोडता येत नाही.

मी म्हटलं, "तिकीट मी काढते." नोटा पुढे करत होती, मी तिचा हात मागे सारला. "बहिणीकडे लागतील. तिथेही कुणीतरी घेणारं भेटेल." तिला हसू आलं. पुष्कळ वर्षांनी पाहिलं तिचं हसू.

२१ ऑक्टोबर
काढलं तिकीट. एकेरी. माझ्या कार्डावर – बेकरीचं नाही, माझं एकटीचं खातं; ते सिक्स्टेनला दिसत नाही. सोमवारची सकाळची बस. ओर्यान तेव्हा गिरणीवर असतो. शनिवार-रविवार कसे जाणार, देव जाणे.

२२ ऑक्टोबर
सिक्स्टेन आज ओर्यानबरोबर रानात जायचा होता. बूट चढवताना, मान वर न करता, म्हणाला, "उमेओचं तिकीट कुणाला काढून दिलंस गं?"

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.