बग्गीचा रिकॉल आणि किंबलचा प्रिंटर

आदरणीय लारू आत्या,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, तुझ्या किंबलच्या बाळाला दात आले का, आणि यंदा तिकडे बॉइझीत वणव्यांचा धूर फार होतो का, हे आधीच विचारून घेतो, कारण पुढे जे विचारणार आहे ते वाचल्यावर तू उत्तर देशील याची मला खात्री नाही. इकडे आजोबांची भूक चांगली आहे, कान सोयीप्रमाणे चालतात. मी पण ठीक. चर्चमधल्या बायका अजून दर आठवड्याला, आजाऱ्याला नेतात तशी, गाजर घातलेली हिरवी जेली आणून देतात. आजारी कोण आहे ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आता सरळ विचारतो. ते रिकॉलचं, म्हणजे कंपनी विकलेली गाडी दुरुस्तीला परत मागवते ते पत्र तू पाठवलंस का? नसशील पाठवलं तर राग मानू नकोस. पाठवलं असशील तर काम झकास झालंय, पण त्यावरचं कंपनीचं चिन्ह जरा तिरकं छापलंय. आजोबांनी भिंग लावून ते शोधून काढलं आणि मला म्हणाले, "डॅलिन, किंबलकडे तो रंगीत प्रिंटर आहे ना?" मी म्हणालो, आहे. झालं, आमच्या घरापुरता खटला तिथेच निकालात निघाला.

पत्र आलं ते असं. आजोबांची बग्गी (ती दारं नसलेली, आडरानात पळणारी दोन सिटांची गाडी, जिला तू मागे 'चाकं लावलेली शवपेटी' म्हणाली होतीस आणि ते त्यांनी ऐकलं होतं) म्हणे पेट घेऊ शकते. सीटखाली सायलेन्सरपाशी वाळकं गवत साठतं आणि तापून पेटतं. म्हणून गाडी ताबडतोब चालवणं बंद करा, घरापासून आणि कोठारापासून लांब उभी करा, आमच्या विक्रेत्याकडे आणून द्या. दुरुस्ती फुकट. सुटा भाग आला की कळवू. हे सगळं तुमच्या सुरक्षिततेसाठी.

आता तूच सांग, आत्या, हे वाचून माणसाला काय वाटेल? गेल्या शरदात तू आलीस, आजोबांच्या ट्रकचा गिअरबॉक्स कुरकुरतो म्हणालीस आणि 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' तो बॉइझीला घेऊन गेलीस. मी तेव्हा अलास्कात मासे डबाबंद करत होतो (तिथे एक जण बायकोला रोज पत्र लिहायचा आणि एकही टाकायचा नाही, साठवून एकदम देणार म्हणे, बायको त्याआधीच दुसऱ्याबरोबर गेली, ते असो), त्यामुळे मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. पण तेव्हापासून दर रविवारी तू आजोबांना फोन करून सांगतेस की भाग अजून आला नाही. कधी कारखान्यात संप, कधी बोट बंदरात अडकली, एकदा तर भाग आला पण डावीकडचा आला. आजोबा 'बरं' म्हणतात आणि फोन ठेवतात. अशा माणसाला कोणी म्हणालं की तुमची उरलेली गाडीही आणून द्या, फुकट दुरुस्त करतो, भाग आला की कळवतो, तर तो काय ढोलताशे लावून देईल? फुकट दुरुस्ती कोण करतं गं? दात काढणाराही भूल द्यायचे वेगळे घेतो.

पत्रात एक फोन नंबर होता. आजोबांनी तो फिरवला. पलीकडे एक बाई, आवाज थोडा सर्दी झाल्यासारखा. आजोबा म्हणाले, "लारू, नाक धरून बोलू नकोस." ती म्हणाली, "सर, माझं नाव डेनीस आहे, तुमच्या गाडीचा चॅसी नंबर सांगता का?" आजोबा म्हणाले, "आधी तू तुझ्या आईचं माहेरचं आडनाव सांग." ती म्हणाली, असले प्रश्न विचारायचं काम तिचं आहे. मग बराच वेळ दोघं एकमेकांकडून ओळख पटवून घेत होते आणि कोणाचीच पटली नाही. शेवटी ती रडकुंडीला आली आणि "काळजी घ्या" म्हणाली, तसा आजोबांचा उरलासुरला विश्वासही उडाला. "परक्या माणसाला माझी कशाला काळजी? नक्की लारूच."

मीही संशयीच झालो आहे, खोटं कशाला बोलू. इथे राहिलं की ते लागतं, जसं कांद्याच्या वखारीत काम केलं की अंगाला वास लागतो. विक्रेत्याकडे स्वतः जाऊन आलो. तो माझ्याकडे पाहून इतका गोड हसला की मी पत्ताच चुकीचा सांगितला.

पण आत्या, आता मंगळवारचं ऐक, आणि उभी असशील तर बस. पाटाच्या पाण्याची आमची पाळी होती. आजोबा पहाटेच बग्गी घेऊन लसूणघासाला पाणी द्यायला, दारं धरायला गेले. ट्रक गेल्यापासून बग्गी नसेल तर ते पाटाचं पाणी सोडायच्या वरच्या फाटकापर्यंत पोचू शकत नाहीत, पाय तेवढे राहिलेले नाहीत. आणि फाटकापर्यंत पोचता आलं नाही तर त्यांच्या मते ते शेतकरी नाहीत, नुसतं जेली खायचं तोंड आहेत. मी मागून फावडं घेऊन चाललो होतो. पाहतो तर सीटखालून धूर. मी ओरडलो. आजोबांना वाटलं मी नेहमीसारखा न्याहारीचं विचारतोय, त्यांनी हात हलवला. मग बहुतेक बुडाला चटका बसला असावा, कारण त्यांनी एकदम गाडी वळवली आणि शांतपणे, जशी काही रोजची वाट आहे, सरळ पाटात घातली. चुर्र झालं, विझली.

बग्गी पाटात आडवी, आजोबा तीत कमरेपर्यंत ओले, पाणी तुंबून आमच्याच शेतात वळलेलं. एवढ्यात खालच्या शेताचा शेजारी हायरम काठावर येऊन उभा राहिला. मला वाटलं मदतीला आला. तो म्हणाला, "ओरिन, तुझी पाळी सहाला संपली. पाणी माझं आहे."

आजोबा म्हणाले, "मी जळत होतो."

"जळ की. पण खालच्या अंगाला जाऊन जळ."

मग आम्ही तिघांनी बग्गी ओढून काढली. हायरमने तीन वेळा घड्याळ पाहिलं. आजोबांनी वाटेत विचार करून मला सांगितलं की आग मात्र लारूने लावली नसणार, तेवढी तयारी तिची नाही. मी म्हणालो, मग रिकॉल खरा आहे. ते म्हणाले, आग खरी आहे, रिकॉलचं अजून पाहायचंय. बग्गी वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेले, सीटवर पाण्याची बादली ठेवून. वाळक्या गवतातून.

कळावे. किंबलला नमस्कार, त्याच्या प्रिंटरला नाही.

तुझा भाचा,
डॅलिन

ता. क. हे पत्र लिहायचं खरं कारण असं की मला झोप लागत नाही. पुढच्या पाळीला मी मागे नसलो तर? माझा काय भरवसा, मी कुठेही फार टिकत नाही, तुला माहीत आहे. तेव्हा एक कर. आजोबांना फोन कर आणि ट्रकचं खरं सांगून टाक, की तो दुरुस्तीला गेलाच नव्हता, त्यांनी या वयात चालवू नये म्हणून तू नेलास. मग 'बग्गी मात्र खरंच दुरुस्तीला चाललीय' हे तू सांगितलंस तर ते मानतील. पहिलं खोटं जागेवर आहे तोवर दुसरं खरं त्यांना दिसणार नाही. आणि किंबलला ट्रेलर घेऊन पाठव. आजोबा बिचारे भोळे आहेत, त्यांना अजून वाटतं भाग येईल.

ता. क. २. पाकिटावर तुझं नाव पाहून आजोबांना संशय आला आणि त्यांनी ते उघडून वाचलं. खालचं त्यांच्या हातचं.

लारू, ट्रक परत येणार नाही हे मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. तू जायच्या आधी माझी टोपी, हातमोजे आणि तुझ्या आईचा फोटो ट्रकमधून काढून फ्रीजवर ठेवलास. दुरुस्तीला जाणाऱ्या गाडीतून कोणी टोपी काढत नाही. बोललो नाही, कारण त्याआधी तू नाताळला आणि वाढदिवसाला फोन करायचीस, आणि भाग अडकल्यापासून दर रविवारी करतेस. डावीकडच्या भागाची गोष्ट चांगली होती.

किंबलला पाठव. बग्गी घेऊन जाऊ दे. टोपी मी सीटवर ठेवली आहे, तिला कोणी हात लावायचा नाही. हा भाग यायला उशीर झाला तरी मला घाई नाही. कळवत राहा.

ओरिन