मामांच्या शिकारीचा वाटा

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
शिमगा सरल्यानंतरचा रविवार, १९८८

तीर्थरूप मामांस,

भाचा लवू याचा साष्टांग नमस्कार. तुमच्या आशीर्वादाने आम्ही सगळे खुशाल आहोत; मनोरीची डुकरं मात्र नाहीत. मामींच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू असेलच. तुमचा खोकला कसा आहे? (विडी सुटली का, हे विचारत नाही. नमस्कारालाच भांडण नको.)

पत्राला उशीर झाला तो डुकरांपायीच. गुरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टीला असतो हे तुम्हांला ठाऊक आहे. तिथे म्हशी, बकऱ्या, कधी एखाद्या बाईचा पोपट, असं बरं चाललेलं असतं. पण होळीच्या आधी मनोरीची आग्नेसबाय रडत आली. ही आमच्या सेक्टरात दारोदार मासळी विकते आणि परत जाताना घरोघरचं खरकटं बालदीत भरून नेते, त्यावर तिची डुकरं पोसतात. त्या डुकरांना ताप, कान जांभळे, मागचे पाय लटपटतायत. आमचे डॉक्टर शिवदास साहेब बघताक्षणी म्हणाले, हा डुकरांचा साथीचा ताप. माणसाला होत नाही, पण डुकराला यावर औषध नाही. बाईची लेक मे महिन्यात लग्नाची आणि लग्नाचं जेवण त्या डुकरांवरच ठरलेलं. एकही वाचलं नाही. वर गावात लोक बोलायला लागले, हिनेच घाणीत ठेवून रोग आणला, हिचं खोपटं मोडून टाका.

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. रोग आला कुठून ते शोधायचंच. पहिला संशय शहराच्या कचरापट्टीवर चरणाऱ्या डुकरांवर. गेलो. तिथली डुकरं आमच्या साहेबांपेक्षा धट्टीकट्टी निघाली. रक्त काढायला मी एका डुकरिणीचा पाय धरला, तर तिने माझी विजार धरली, आणि अर्धी विजार कचऱ्यातच राहिली. (तुमची सून रत्नप्रभा अजून विचारते, फाटली ते फाटली, तुकडा का नाही आणलास?)

मग साहेब म्हणाले, रोग खरकट्यातून गेला असणार. डुकराचं कच्चं मांस, अगदी मीठ लावून वाळवलेलं असलं तरी त्यातून हा ताप जातो. म्हणजे खरकटं कुणाचं, तर आमच्याच सेक्टराचं. साहेब घरोघर जाऊन विचारायला लागले, तुमच्याकडे डुक्कर शिजतं का? शेजारच्या शांताबाईंनी दार आपटलं. त्यांचे धोंडिराम माळ घातलेले, ते लाटणं घेऊनच बाहेर आले. मी मधे पडलो आणि छातीठोक सांगितलं, साहेब, या ओळीत डुकराला कुणी शिवत नाही, आधी माझ्याकडे चहा घ्या.

चहा देताना रत्नप्रभेने चौकशी कसली ते विचारलं. ऐकून म्हणाली, "डुकर खंयचो? मामांनी धाडल्यानी ती शिकार. आदी सोमवार, मगे अंगारकी. मी ती आग्नेसबायच्या बालदीत घातलंय."

साहेबांचा कप तोंडाशीच थांबला.

मामा, तो तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला, मीठ-हळद लावलेला आमचा वाटा. घरात कुणी नसलं तरी वाडीतल्या प्रत्येक घराचा वाटा काढायचा, ही आपली रीत. पण तिचा सोमवार, दुसऱ्या दिवशी अंगारकी, आणि वासाने शेजारी नाकाला पदर लावून. (‘वाटा पोचला, बोटं चाटून खाल्ला’ असं कार्ड तिने तुम्हांला टाकलं ते खोटं नव्हे. खाणारे वेगळे होते.) रानातला डुक्कर आपल्याकडे डुकरात धरत नाहीत, हे मी साहेबांना नीट समजावलं. साहेब म्हणाले, रोगाला हे कळवलं होतं का?

साहेबांनी मनोरीला जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, बाईची काही चूक नाही. खोपटं वाचलं. मग मी बाईला खरं सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दारात आली आणि मूठभर बोंबील वर जास्तच टाकले. मामा, मला मान वर करवेना. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बंदुकीला थोडी विश्रांती.

तुमचा
लवू

ता. क. : साहेब विचारतात, डुक्कर मारला तेव्हा होता कसा? तुम्ही लिहिलं होतं, भर दुपारी परसात आला, कुत्रे भुंकले तरी हलला नाही, एका बारात लोळवला. साहेब म्हणतात, भर दुपारी परसात येऊन, कुत्रे भुंकत असताना जागचा न हलणारा डुक्कर आजारीच असणार. (मी म्हटलं, मामांचा नेमच तसा आहे. ते हसले.) खरं काय ते कळवा. गावात सांगणार नाही.

आणखी ता. क. : शिकारीत ज्याचा कुत्रा मरतो त्याला पहिला वाटा, हे तुम्हीच मला शिकवलंत. इथे तुमच्या शिकारीत आग्नेसबायची अख्खी दावण गेली. तेव्हा तुमच्या गोठ्यातले दोन बोकड तिच्या लेकीच्या लग्नाला द्यावेत, ही हात जोडून विनंती. मी तिला शब्द दिला आहे. (तुमच्या नावाने.)

खाली रत्नप्रभा लिहिते : मामांका नमस्कार. बोकड जिते धाडा. आणि सोमवारी पोचतीत असे धाडू नकात.