शेजारचा ए

९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, माझं इथलं, लॅबमधलं, बहुतेक आटोपलं. सोप्यात सांगते. पेशीत जीनची कॉपी निघते, तिला आरएनए म्हणतात. ती ए, यू, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली असते. त्यात मधेमधे नको असलेले तुकडे असतात. ते कापून उरलेलं जोडायचं असतं. त्यासाठी पेशी नकोशा तुकड्यातलं एक ए अक्षर निवडते. तुकड्याचं सुरुवातीचं टोक त्या ए ला येऊन चिकटतं, फास तयार होतो आणि तुकडा सुटतो.

मी तो ए च बदलून टाकला. कापणं बंद पडायला हवं ना? ढिम्म! सगळं छान जोडलेलं. आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, तू अक्षर बदललंच नसशील. शुक्रवारपर्यंत पटवून दे, नाहीतर हा विषय सीनियरकडे जाईल.

तुझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत माणूस हवाय ना? येऊ का मी?

चिडू नकोस, लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी ठमी

१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अगं, खुर्ची रिकामीच आहे आणि तू आलीस तर मी खूशच होईन. पण शुक्रवारच्या आधी नाही. रडकी माणसं मी घेत नाही, इथे माईक चालू असतात. मामी म्हणते, लहानपणी हात लावशील ते बंद पाडायचीस, आता बंद पडत नाही म्हणून भोकाड पसरतेस!

जेवत जा वेळेवर. आमची माया तिकडे पोचते असं समज.

तुझा मामा

१८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीला सांग, हसून झालं की मला शाबासकी दे. मी येडपट फक्त जोडलेला आरएनए बघत होते. कापलेला फास कचरा म्हणून बघितलाच नव्हता. गुरुवारी तो वाचला. मी बदललेलं अक्षर बदललेलंच होतं, आणि गाठ बसली होती शेजारच्या ए वर!

कसं, ते ऐक. पेशीतला दुसराच एक छोटा आरएनए येऊन त्या ए च्या आजूबाजूच्या अक्षरांशी जोड्या जमवतो. मधला ए एकटाच बाहेर डोकावतो, म्हणून त्याची निवड होते. माझा गेला, तर शेजारच्याभोवती जोड्या जमल्या. जरा ढिल्या, पण भागलं.

शुक्रवारी दाखवलं तेव्हा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. सीनियर काही बोलायला गेला तर त्याला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, आता तो शेजारचाही बदलून बघ, मग पेशी काय करते ते मला सांग.

मला म्हणाल्या, मामा. मला!

दोघांनी असाच जीव लावत राहा.

तुझी ठमी